पालच्या यात्रेत एलईडी पडद्यावर चित्र दहा सेकंद फाटलेलंच राहिलं, असं का?

शटरदाबे (सांगली)

मंडळी, धागा कुठल्या विभागात टाकावा कळेना म्हणून तंत्रज्ञानात टाकतोय. चुकला असेल तर हलवा.

लग्नाचं शूटिंग हा आपला धंदा. या पौषात पहिल्यांदाच पालच्या खंडोबाच्या यात्रेचं काम मिळालं. देवाची मिरवणूक, म्हाळसेशी लग्न, सगळं. कॅमेरा तारळी नदीच्या एका काठावर आणि गर्दीसाठी एलईडी पडदा पलीकडच्या काठावर. मधून केबल नेणं शक्य नव्हतं, माणसाला पाय ठेवायला जागा नाही तिथे केबल कुठली. म्हणून दोन्हीकडे वायफायचे अँटेना लावले. कॅमेऱ्याकडच्या लॅपटॉपवर ओबीएस (थेट प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर), सेकंदाला २५ फ्रेम, ६ मेगाबिट. पलीकडचा लॅपटॉप ते उचलून पडद्यावर टाकणार. स्ट्रीम यूडीपी नावाच्या पद्धतीवर. ही सेटिंग एका मित्राने करून दिली होती, मी हात लावला नाही.

सकाळी टेस्ट झकास. मिरवणूक निघाली, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ झालं आणि चारी बाजूंनी भंडारा उधळला. माझ्या व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र अप्रतिम. पडद्यावर मात्र आधी मोठमोठे पिवळे चौकोन, मग नुसत्या चिंध्या. एका मानकऱ्याचा अर्धा फेटा पुढे गेला आणि अर्धा हवेत तसाच राहिला. बरं, भंडारा खाली बसला तरी चित्र फाटलेलंच! मग एकदम, कुणी फडक्याने पुसल्यासारखं स्वच्छ. पुन्हा उधळण, पुन्हा चिंध्या. मी मनात आकडे मोजत होतो, एकदाही दहाच्या पुढे गेलो नाही.

दुसरा प्रकार. पलीकडचा लॅपटॉप मध्येच बंद पडला, पोरांनी परत चालू केला. आवाज लगेच आला, पडदा मात्र काळा. पब्लिकने शिट्ट्या मारल्या आणि सात-आठ सेकंदांनी चित्र आलं.

तिसरा घरी आल्यावर. रेकॉर्डिंगमधून स्टेटससाठी २० सेकंदांचा तुकडा कापला, वेळ वाचावा म्हणून परत एन्कोड न करता, म्हणजे व्हिडिओ नव्याने न दाबता. सुरुवातीला वाजंत्री वाजतेय आणि चित्र थिजलेलं. चार-पाच सेकंदांनी चालायला लागतं.

कमिटीतले एक काका म्हणाले, ‘कॅमेऱ्यात भंडारा गेला असंल.’ पैसे दिले, पण पुढच्या वर्षीचं नाव काढलं नाही. या तिन्ही गोष्टींचा रोग एकच आहे का, की माझंच नशीब?

भडंगप्रेमी

खंडोबाला ६ मेगाबिटात बसवायला निघालात, देव कोपणारच.

चौकट_मोजणारा (मूळचा मिरजेचा, पोटासाठी पुण्यात)

रोग एकच, पण भंडाऱ्याच्या वेळी त्यात दुसरा एक मिसळला. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी हिशोब. १९२० बाय १०८० ची एक फ्रेम, नेहमीच्या ८ बिट रंगात, न दाबता ठेवली तर सुमारे ३.१ मेगाबाइट. सेकंदाला २५ म्हणजे जवळपास ७८ मेगाबाइट, बिटांत सांगायचं तर ६२२ मेगाबिट. तुम्ही पाठवत होता ६. म्हणजे शंभरातले नव्व्याण्णव भाग वाटेतच टाकून दिले आणि तरी सकाळी चित्र झकास होतं. कसं?

थोडी बचत प्रत्येक फ्रेमच्या आत होते, फोटोची जेपेग होते तशी. पण खरी बचत दोन फ्रेममधल्या साम्यामुळे. देऊळ हललं नाही, नदी आहे तिथेच आहे, पालखी चार बोटं पुढे सरकली. मग सगळं चित्र पुन्हा कशाला पाठवायचं? फ्रेमचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकासाठी चिठ्ठी लिहायची, ‘मागच्या फ्रेममधून सात ठिपके डावीकडचा तुकडा उचल आणि इथे डकव.’ डकवून जो फरक उरेल तेवढाच वेगळा द्यायचा.

म्हणजे फाइलमध्ये फोटोंची रांग नसतेच. एक पूर्ण फ्रेम असते, तिला आय-फ्रेम किंवा की-फ्रेम म्हणतात. तिच्यामागे चिठ्ठ्यांची रांग, त्या पी-फ्रेम. मग पुन्हा एक पूर्ण फ्रेम. एका पूर्ण फ्रेमपासून पुढच्या पूर्ण फ्रेमच्या आधीपर्यंतचा जो गट, तो जीओपी, ग्रुप ऑफ पिक्चर्स. बी-फ्रेम नावाचा तिसरा प्रकारही आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

आता तुमचा भंडारा. हवेत उडणाऱ्या प्रत्येक कणाला ‘मागच्या फ्रेममधली जागा’ कुठून आणणार? चिठ्ठी लिहिताच येत नाही, सगळा फरकच उरतो. पी-फ्रेम फुगते, पण बिटरेट ६ ला बांधलेला. मग एन्कोडर, म्हणजे चित्र दाबणारं सॉफ्टवेअर, तपशील मारून जागा करतो आणि तुम्हाला मोठे चौकोन दिसतात. गुलाल, पाऊस, नदीचं खळाळतं पाणी, अक्षता ही सगळी याच जातीची दुखणी.

चिंध्या वेगळ्या. त्या वेळी हजारो लोकांचे फोन खिशात, वायफायवर गर्दी आणि यूडीपी हरवलेलं पाकीट (डेटाचा तुकडा) परत मागत नाही. एखादी पी-फ्रेम अर्धी गळाली, पुढच्या पी-फ्रेमने त्या फाटक्या चित्रावरूनच नक्कल केली, तिच्यावरून पुढचीने. पूर्ण फ्रेम येईपर्यंत सुटका नाही. आणि ती केव्हा येते? एक्स२६४ या एन्कोडरची मूळ सेटिंग ‘जास्तीत जास्त २५० फ्रेमांनी एक की-फ्रेम’ अशी आहे. २५ ने भागा. तुमचे दहा सेकंद.

जुनी_किर्द (सांगली)

मी पेठेत हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होतो. ते ठिपके-बिपके मला कळत नाही, पण हे प्रकरण ओळखीचं वाटलं.

पानाच्या डोक्यावर शिल्लक असते, ती तुमची पूर्ण फ्रेम. खाली नुसत्या नोंदी, इतके जमा, इतके नावे. मधल्या एका ओळीवर चहा सांडला आणि आकडा वाचता येईना, की तिथून खालचा सगळा मेळ चुकीचा. आता पुढच्या पानावर जर ‘मागील पानावरून’ म्हणून शिल्लक नुसती ओढली, तर चूकही ओढली जाते. पेटी उघडून रोकड मोजली आणि तो आकडा लिहिला, तरच चूक तिथे थांबते. तुमची आय-फ्रेम म्हणजे पेटी मोजणं. बरोबर का?

चौकट_मोजणारा

काका, मी एवढं लिहिलं ते तुम्ही पाच ओळींत संपवलंत. अगदी बरोबर. आय-फ्रेम मागच्या कुठल्याच फ्रेमवर विसंबत नाही.

शटरदाबेंच्या उरलेल्या दोन गोष्टीही यातच आल्या. उशिरा आलेला लॅपटॉप म्हणजे मधल्या ओळीपासून किर्द वाचायला बसलेला नवा कारकून. ‘दोनशे जमा’ हे दिसतं, पण कशात? पेटी मोजली जाईपर्यंत त्याने गप्प बसायचं. आवाजाचं असं नसतं, तो लगेच सुरू होतो. तुकडा कापतानाही तेच. तुम्ही कात्री लावली ती पानाच्या मध्यावर. एन्कोड न करता कापायचं तर खरी सुरुवात की-फ्रेमवरच होऊ शकते. काही ॲप गुपचूप मागच्या की-फ्रेमपर्यंत सरकतात आणि तुकडा मागितल्यापेक्षा लांब निघतो, काही आवाज कापल्या जागेपासून देतात आणि पुढची की-फ्रेम येईपर्यंत चित्र अडवून धरतात. तुमचं ॲप दुसऱ्या जातीचं.

कराडचा_पाहुणा

सीसीटीव्हीचंही हेच असणार मग! आमच्या पाहुण्यांच्या गोदामातून दोन पोती गेली. रेकॉर्डिंग पुढे पळवत बघत होतो, तर चोर एका क्षणाला दारात आणि पुढच्या क्षणाला थेट पोत्यापाशी. मधलं चालणंच नाही. आम्हाला वाटलं कुणीतरी फुटेज कापलं. राखणदारावर संशय घेतला, बिचारा दोन दिवस जेवला नाही.

चौकट_मोजणारा

राखणदाराची माफी मागा आधी.

पळवताना बरेच डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीची रेकॉर्डिंग यंत्रं, मधल्या चिठ्ठ्या वाचत बसत नाहीत, नुसत्या पूर्ण फ्रेमवरून उड्या मारतात. साध्या वेगाने लावलंत तर चालणंही दिसेल. शिवाय हल्लीच्या कॅमेऱ्यांत ‘स्मार्ट’ नावाचा जो कोडेक (व्हिडिओ दाबायची पद्धत) असतो, तो समोर हालचाल नसेल तर पूर्ण फ्रेममधलं अंतर खूप वाढवतो. हार्डडिस्क वाचते, पण रिकाम्या गोदामात उड्या लांब पडतात. एक-एक फ्रेम उलटं जायचं बटण दाबल्यावर यंत्र धापा टाकतं तेही यामुळेच. गटातली २४९ वी फ्रेम दाखवायला आधीच्या २४८ उलगडाव्या लागतात, आणि २४८ वी दाखवायला, यंत्राने आधीचं साठवून ठेवलं नसेल तर, पुन्हा पहिल्यापासून.

भडंगप्रेमी

एवढा ताप कशाला? सगळ्याच फ्रेम पूर्ण पाठवा. रोज दर मिनिटाला पेटी मोजा. विषय संपला.

चौकट_मोजणारा

६ मेगाबिटात २५ पूर्ण फ्रेम म्हणजे एकेका फ्रेमच्या वाट्याला ३० किलोबाइट. एखादा फुल एचडी फोटो जेपेगमध्ये ३० केबीला दाबून बघा आणि इथे चिकटवा, सगळ्यांना पाहू दे. एडिटिंगसाठी सगळ्या फ्रेम पूर्ण ठेवणारे कोडेक आहेत, प्रोरेस वगैरे, पण फुल एचडीला ते शे-दोनशे मेगाबिट खातात. वायफायवरून नदीपार न्यायचे नव्हेत.

जुनी_किर्द

आमचे शेट म्हणायचे, पेटीच मोजत बसलास तर गिऱ्हाईक कोण बघणार.

आयर्विनकाठ (सांगली)

बी-फ्रेमबद्दल कुणीच लिहिलं नाही. मी नेटवर वाचलं की ती ‘पुढच्या’ फ्रेमवरूनही नक्कल करते. जी फ्रेम अजून आलीच नाही तिच्यावरून कशी करणार, इथे माझी गाडी अडली.

मग पुराचे दिवस आठवले. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती, हे आम्ही दिवसभर एकमेकांना फोन करून विचारायचो. ४० फूट इशारा, ४५ धोका, हे सांगलीतल्या पोरासोरांना पाठ. समजा सकाळी आठला ३८ फूट कळलं आणि बाराला ४१. दहा वाजता किती असेल? साडेएकोणचाळीसच्या आसपास, एखाद्या इंचाचा फरक. पण हे दहा वाजता नाही सांगता येत, बाराचा आकडा आल्यावरच सांगता येतं. बी-फ्रेम म्हणजे हे दहाचं का?

चौकट_मोजणारा

हेच. आणि ‘एखाद्या इंचाचा फरक’ म्हणालात ना, फाइलमध्ये तेवढाच लिहायचा. दोन्ही बाजूंचा आधार असल्याने बी-फ्रेम सगळ्यात किरकोळ जागेत बसते. समोरून माणूस आडवा गेला आणि त्याच्या मागची भिंत उघडी पडली, तर ती भिंत मागच्या फ्रेममध्ये नसते, पण पुढच्या फ्रेममध्ये असते. पी-फ्रेमला ती नव्याने रंगवावी लागते, बी-फ्रेम पुढून उचलते.

किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक म्हणजे क्रम. डोळ्याला दिसतं ते आय-बी-बी-पी, पण फाइलमध्ये येतं आय-पी-बी-बी, कारण बाराचा आकडा हातात आल्याशिवाय दहाचा काढता येत नाही. म्हणून प्रत्येक फ्रेमवर दोन वेळा लिहिलेल्या असतात, उलगडायची वेगळी आणि दाखवायची वेगळी. दुसरी किंमत उशीर. बाराची वाट बघावी लागते. त्यामुळे व्हिडिओ कॉलमध्ये बी-फ्रेम सहसा बंद असतात. शटरदाबे, तुमचा पडदा देवापासून हाकेच्या अंतरावर होता ना? ढोल आधी ऐकू यायचा आणि टिपरू पडताना नंतर दिसायचं, त्या उशिरात बी-फ्रेमचाही थोडा वाटा आहे.

एक दुरुस्ती माझीच. मी मघाशी म्हटलं की पी-फ्रेम ‘मागच्या फ्रेमवरून’ उचलते. जुन्या एमपेग-२ या पद्धतीत ती लगतच्या मागच्या आय किंवा पी वरूनच उचलायची. २००३ साली आलेल्या एच.२६४ या पद्धतीत (एक्स२६४ हा तिचाच एन्कोडर) आणखी मागच्या काही फ्रेमही हाताशी ठेवता येतात. त्यामुळे तिथे नुसतं आय नाव असून भागत नाही, ‘इथून मागचं कुणी वाचायचं नाही’ अशी लक्ष्मणरेषा ओढणारी आय-फ्रेम लागते. तिला आयडीआर म्हणतात. गट असा बंदिस्त असला की कापायला सुरक्षित. उघडा असेल तर गटाच्या तोंडाशी असलेल्या बी-फ्रेम आधीच्या गटाचा हात धरून असतात, तिथे कापलंत की त्या पोरक्या होतात.

नाट्यवेडी (सांगली)

माझा प्रश्न जरा जुन्या मालाचा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, त्याचा व्हिडिओ नाही म्हणून मी रडत नाही. पण आमच्या हौशी संस्थेने वीसेक वर्षांपूर्वी केलेल्या नाटकांच्या छोट्या कॅसेट माझ्या कपाटात आहेत. काही डीव्ही, काही एचडीव्ही. एकाच कंपनीच्या, एकाच पेटीतल्या. डीव्हीवाल्या कॅसेटवर ओरखडा असला तर एखादा चौकोन चमकतो आणि संवाद पुढे जातो. एचडीव्हीवर तसाच ओरखडा आला की चित्र अर्धा सेकंद गायब. एकदा तर नेमका टाळीचा पॉझ गेला! भारी कॅमेऱ्याची कॅसेट जास्त नाजूक, हा काय न्याय?

चौकट_मोजणारा

ताई, उत्तर याच धाग्यात आहे. डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण असते, २५ मेगाबिटात साध्या टीव्हीचं चित्र. एचडीव्हीने तीच कॅसेट आणि तोच २५ चा आकडा ठेवून मोठं एचडी चित्र बसवलं. ते बसायचं तर चिठ्ठ्या लिहाव्या लागल्या, एमपेग-२ च्या. आपल्याकडच्या २५ फ्रेमच्या पद्धतीत साधारण १२ फ्रेमचा गट, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आसपास. ओरखडा आय-फ्रेमवर आला की सगळा गट बुडाला. डीव्हीडीवरही गटाला मर्यादा होती, आपल्या पाल पद्धतीत जास्तीत जास्त १५ फ्रेम. हे पाल म्हणजे टीव्हीचं, खंडोबाचं नव्हे!

कॅसेट उतरवताना आहे तशीच फाइल उतरवा, कुणी ‘एमपी४ करून देतो’ म्हणालं तर ती दुसरी प्रत. मूळ ठेवा.

शटरदाबे

आठवडाभर गायब होतो, कारण प्रयोग केला. सगळं सांगतो.

गच्चीवर कॅमेरा लावला. लॅपटॉप, अँटेना, सगळं यात्रेतलंच. दुसरा लॅपटॉप खाली जिन्यात. भाच्याला सांगितलं, मी हात वर केला की उधळ. घरातली पाव किलो हळद घेतली. पहिल्यांदा जुनी सेटिंग. उधळली, जिन्यातल्या पडद्यावर चौकोन. मधल्या भिंतीमुळे पाकिटंही गळाली, चिंध्या. स्टॉपवॉच लावून बघितलं, नऊ सेकंद आणि काहीतरी. मग ओबीएसमध्ये की-फ्रेमच्या रकान्यात २ सेकंद लिहिलं, तिथे आधी शून्य होतं. पुन्हा उधळण. चौकोन आलेच, चिंध्याही आल्या, पण ‘एक… दोन…’ म्हणेपर्यंत चित्र पुसून लख्ख. खालचा लॅपटॉप बंद-चालू केला, काळा पडदाही तेवढाच.

तेवढ्यात सौ. वर आल्या. हळदीच्या गावात राहतो म्हणून काय उधळायची का, यावर जे ऐकलं ते इथे लिहिता येणार नाही.

एक गोष्ट खटकली. हळद संपल्यावर कॅमेरा समोरच्या भिंतीवर तसाच चालू राहिला. त्या भिंतीचा पोत दर दोन सेकंदांनी जरासा बदलतोय. पुसट, पुसट, एकदम ठसठशीत, पुन्हा पुसट. भिंत श्वास घेतेय असं वाटतं. आधी हे दिसत नव्हतं. फाइलचा आकार मात्र तेवढाच, मला वाटलं होतं वाढेल.

चौकट_मोजणारा

हळदीचं वाईट वाटलं, पण प्रयोग एक नंबर.

बिटरेट बांधलेला आहे म्हणून आकार तोच राहतो. फक्त वाटणी बदलते. आधी दहा सेकंदांत एकदा पूर्ण फ्रेमवर खर्च व्हायचा, आता पाचदा. तेवढे बिट चिठ्ठ्यांच्या तोंडचे काढले. भिंतीचा श्वास म्हणजे ताजी मोजलेली पेटी आणि ओढत आणलेली शिल्लक यांच्यातला फरक डोळ्याला दिसणं. बिटरेट थोडा वाढवला की कमी होतो. यूट्यूब लाइव्हही की-फ्रेम २ सेकंदांना ठेवा, ४ च्या पुढे नको, असंच सांगतं, म्हणजे तुमचा आकडा पंक्तीत बसणारा आहे.

तुमच्यासारख्या नदीपारच्या कामाला आणखी एक युक्ती आहे. एक्स२६४ मध्ये ‘इंट्रा रिफ्रेश’ नावाची सोय असते. त्यात पूर्ण फ्रेम अशी एकदम येतच नाही. प्रत्येक फ्रेममध्ये एक उभी पट्टी नव्याने रंगवली जाते आणि पुढच्या फ्रेममध्ये पट्टी जरा सरकते. काही वेळात सगळं चित्र नवं. अंगण एका दमात न सारवता रोज एक पट्टा सारवावा तसं. पी-फ्रेमच्या मध्ये एकदम जाड आय-फ्रेम येऊन वायफायला जो धक्का बसतो, तो बसत नाही, आणि श्वासही थांबतो. फक्त अशा फाइलवर मनाजोगी कात्री चालत नाही. म्हणून पडद्याला ते आणि रेकॉर्डिंगला साधा दोन सेकंदांचा गट, असं वेगवेगळं ठेवा.

आणि यूडीपी उघडं वापरू नका हो. एसआरटी लावा. गळालेलं पाकीट ते परत मागून घेतं. थोडा उशीर वाढेल, पण चिंध्या जातील. चौकोन मात्र जाणार नाहीत. त्याला बिटरेटच हवा, आणि उधळणीच्या वेळी वायफायवर तो मिळणं कठीण.

कराडचा_पाहुणा

लग्नात फोटोग्राफर फ्लॅश मारतात तेव्हा काय होतं? ‘शुभमंगल सावधान’ला आमच्या लग्नाच्या व्हिडिओत चित्र दोनदा गदगदलं होतं.

चौकट_मोजणारा

एन्कोडर सीन बदलला का हे बघत असतो आणि बदलला की वेळ झाली नसली तरी आपणहून पूर्ण फ्रेम टाकतो. चांगली सवय आहे. पण फ्लॅशमध्ये एकच फ्रेम पांढरी होते, काही एन्कोडर फसतात आणि त्यांना वाटतं नवा सीन आला. चार फ्लॅश, चार पूर्ण फ्रेम, वर अक्षतांचा पाऊस. बिटांची पेटी रिकामी, आणि नेमका वरमाला घालतानाचा चेहरा पुसट.

भडंगप्रेमी

म्हणजे आमच्या व्हिडिओत मी बावळट दिसतो ते कोडेकमुळे. सौ.ला हा धागा दाखवतो.

जुनी_किर्द

शटरदाबे, पेठेत या. झाडलोटीची हळद मिळते, खायच्या कामाची नसते. उधळायला चालेल, आणि घरात बोलणी बसणार नाहीत.

शटरदाबे

काका, उद्याच येतो.

चौकट_मोजणारा, एसआरटी लावलं. गच्चीवर तरी चिंध्या गेल्या. कमिटीच्या काकांना दोन्ही क्लिप पाठवल्या, आधीची आणि आताची. त्यांचं उत्तर, ‘आता कॅमेरा पुसला वाटतं.’

पुढचं काम आरेवाडीला बिरोबाच्या यात्रेचं मिळतंय असं दिसतं. तिथेही भंडारा. या वेळी वायफायच्या भानगडीत पडणार नाही, वरून बांबूवर वायर नेऊ द्यायला ते तयार आहेत. दीडशे मीटर फायबर आणि दोन्ही टोकांचे कन्व्हर्टर सांगली-मिरजेत भाड्याने कुणाकडे मिळतील? दुकानाचं नाव इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.